नकाशातली पांदण आणि माझी तूर

माझी नात अमरावतीला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन खराब रस्त्यानं जाते. मुद्दाम जाते. आमच्या गावाला बरा रस्ता व्हावा म्हणून आमचं आयुष्य अर्ज करण्यात गेलं, आणि ही पोट्टी बरा रस्ता सोडून वावराच्या कडेनं जाते अन् त्याला खेळ म्हणते. तिच्यासारखे चाळीस जण आहेत, काही अकोल्याचे, काही अमरावतीचे. त्यात डॉक्टर आहे, मास्तर आहेत, एक तर किराणा दुकानवाला आहे. दर जानेवारीत ते दोन दिवसांची रॅली काढतात. यंदाची रॅली अकोल्याहून निघून तेल्हाऱ्याच्या अंगानं, डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं जाऊन शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत संपणार होती. रस्ता ठरवायचं काम पहिल्यांदाच माझ्या नातीकडे आलं होतं.

म्हणून ती माझ्याकडे आली. हे आधीच सांगून ठेवतो, पुढचं वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको. ती आली, मी गेलो नाही.

मी तिसरी शिकलो. पण तेल्हाऱ्यापासून वरुडापर्यंतच्या पांदणी मला जेवढ्या माहीत आहेत तेवढ्या तलाठ्यालाही माहीत नसतील. आम्ही बैलबाजारातून बैल घेतला की पायी घरी आणायचो. डांबरावरून चालवला तर बैलाचे खूर झिजतात, म्हणून दोन वावरांच्या मधून जाणाऱ्या पांदणीनं आणायचो. कुठं पाणी आहे, कुठं काळी माती आहे अन् पाय रुततो, कुठल्या गावचं कुत्रं बैलाच्या मागं लागतं, हे सगळं माझ्या पायात बसलेलं आहे. नात म्हणाली, "आबा, हे कागदावर पाहिजे." मी म्हणालो, "मले मागं बसव, मी सांगतो. कागद तू कर."

माझी बुढी, म्हणजे बायको, चुलीपाशी होती. ती म्हणाली, "यायले गिरणीवर दळन आनाले धाडलं तर दोन घंटे लागते. हे काय रस्ता सांगतीन."

मला गिरणीवर वेळ लागतो कारण तिथं माणसं भेटतात. रस्ता चुकत नाही. पण हे बुढीला कोण समजावणार.

नातीनं मला रॅलीचे नियम वाचून दाखवले. चाळीस गाड्यांच्या मागून मिस्त्री अन् सामानाचा पिकअप चालतो, म्हणून रस्ता पिकअप निघेल एवढा रुंद पाहिजे. मध्ये पिण्याचं पाणी पाहिजे. पेट्रोल पंप फार लांब नको. अन् सगळ्यात मोठा नियम, तो लाल अक्षरात होता: कोणाच्याही पिकावर टायर जाणार नाही. एका रोपावर जरी गेला तरी ती गाडी बाद. हा नियम मला आवडला. ज्यानं केला त्याच्या घरी वावर असणार.

मग आम्ही निघालो. तिनं मला हेल्मेट दिलं. मी टोपी काढत नाही, म्हणून टोपीवर हेल्मेट घातलं. ते जरा वर राहिलं, पण राहिलं.

पहिल्या दिवशी तिनं फोनचं ऐकलं. फोनमधली बाई मोठ्या विश्वासानं बोलते. अकोल्याहून येताना एका जागी ती म्हणाली, पुढं उजवीकडे वळा. उजवीकडे कालवा होता, काठोकाठ भरलेला. नात थांबली. बाई पुन्हा म्हणाली, उजवीकडे वळा.

"विचार तिले," मी म्हणालो, "लुगडं खोचून घेऊ का म्हना."

त्यानंतर नातीनं फोन खिशात टाकला, अन् माझं राज्य सुरू झालं. दोन दिवसांत मी तिला असे रस्ते दाखवले की ती जागोजागी उतरून फोटो काढत होती. चिंचेखालची विहीर दाखवली, नदीचा दगडी उतार दाखवला, डोंगराच्या कुशीतली लाल मुरमाची वाट दाखवली. ती प्रत्येक तुकडा कागदावर उतरवत गेली. शेंदूरजनाघाटापर्यंत सगळं जुळलं. फक्त एक तुकडा राहिला होता, आमच्याच गावच्या शिवेवरचा, पाव किलोमीटरचा. तो जुळला नाही तर चाळीस गाड्यांना लांबचा वळसा घालून हमरस्त्यावर, कापसाच्या ट्रकांमधून जावं लागलं असतं.

"आबा, रॅलीची मंडळी म्हणते की हमरस्ता येत असेल तर तुझा रस्ता नको. मागच्या वर्षीचाच घेऊ," नात म्हणाली. "रविवारपर्यंत एवढा तुकडा जुळला नाही तर माझं सगळं रद्द होते. मग मला पुन्हा कोणी काम देत नाही."

तो तुकडा कसा जुळतो हे मला माहीत होतं. तिथं पांदण होती. आमच्या लहानपणी दोन बैलगाड्या समोरासमोर येऊन निघून जायच्या एवढी रुंद. आता ती तिथं नव्हती. तिचा एक भाग माझ्या तुरीत होता अन् दुसरा माझ्या शेजाऱ्याच्या कपाशीत.

शहरातल्या लोकांना वाटतं की पांदण दाबणारा माणूस रात्रीतून कुंपण घालतो. तसं नसतं. नांगरणीला आलेला माणूस कडेला वळताना विचारतो, "इथून वळू का अजून एक तास घेऊ?" आपण म्हणतो, घे एक. एका तासानं, म्हणजे नांगराच्या एका रेघेनं, कोणाचं काय जातं. पुढच्या वर्षी ती रेघ आपली झालेली असते, अन् माणूस पुन्हा विचारतो. पलीकडून शेजाऱ्याच्या नांगरालाही तोच प्रश्न पडलेला असतो. अशा रीतीनं आम्ही दोघं वर्षाला एकेक तास घेत एकमेकांकडे येत गेलो, अन् एका साली मध्ये फक्त हातभर धुरा, म्हणजे बांध, उरला. तेव्हा मग भांडण झालं. त्याचं म्हणणं, मी जास्त दाबली. माझं म्हणणं, त्यानं. बारा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. लग्नाच्या पंगतीतही तो वाढायला आला तर मी पानावर हात ठेवतो.

हे सगळं नातीला कसं सांगायचं. ती सणाला यायची ती विहिरीवरच्या वावरात खेळायची. हे शिवेवरचं वावर तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी तिचा आबा म्हणजे पांदणींचा जाणकार. मी म्हणालो, "चाल, तिथं जवळून तीन रस्ते हायेत."

पहिला रस्ता नाल्यातून होता. गाडी रेतीत बसली, मी ढकलली, माझी एक वाहाण रेतीत राहिली ती सापडायला वेळ गेला. दुसरा रस्ता शेजारच्या गावच्या एका गोठ्यातून जात होता. पूर्वी तिथं गोठा नव्हता. गोठ्यातली म्हैस आमच्याकडे अशी पाहू लागली की नातच म्हणाली, राहू द्या. तिसरा रस्ता खरं तर मी जाता जाता ठरवला. तो आम्हाला फिरवून पुन्हा त्याच नाल्यावर घेऊन आला, जिथं माझ्या वाहाणेचा खड्डा अजून दिसत होता.

नात पाणी प्यायली अन् तिनं फोन काढला. त्यात तिनं आदल्या दिवशी आमच्या गावचा सरकारी नकाशा उतरवून घेतला होता. जुना, काळ्या शाईचा, मोडीत लिहिल्यासारखा. त्याच्यावर ठिपक्यांची दुहेरी रेघ होती.

"आबा, हे काय हाये?"

"घडी पडली असन कागदाची."

"फोनमध्ये घडी?"

मी म्हणालो की हा नकाशा इंग्रजाच्या काळातला आहे, अन् इंग्रज गेला. तिनं गाडी चालू केली. मला मागं बसावं लागलं.

माझ्या तुरीपाशी येऊन ती थांबली. तूर यंदा डोक्याच्या वर गेली होती, शेंगा वाळत आल्या होत्या. दुसरी वेळ असती तर मी कौतुकानं सांगितलं असतं की बघ, फवारणी एकच केली आहे. नातीनं फोन धरला. त्यातला निळा ठिपका दुहेरी रेघेच्या बरोबर मध्ये उभा होता.

"आपण पांदणीत उभे आहोत," ती म्हणाली. समोर तूर, बाजूला कपाशी. "कोण्या बह्याडानं खाल्ली ही?"

"असन कोनी," मी म्हणालो.

तेवढ्यात मला दिसलं की धुऱ्यावर शेजारी बसला आहे. भाकर खात होता. त्यानं मला पाहिलं, गाडी पाहिली, हेल्मेटातली टोपी पाहिली, अन् घास तोंडातच थांबला.

नात त्याला ओळखत नव्हती. बारा वर्षांत येणं-जाणं नाही. ती नम्रपणानं म्हणाली, "राम राम, बाबाजी. ही तूर कोनाची हो?"

शेजारी माझ्याकडे पाहत सावकाश चावत राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला लिहिलेलं दिसत होतं. त्यानं माझं नाव घेतलं की मी त्याचं घेणार.

"हाये एका बुढ्याची," तो म्हणाला.

"अन् ही कपाशी?"

"हे बी हाये कोनाची तरी. मी असाच बसलो. सावली बरी हाये."

सावली नव्हती. टळटळीत दुपार होती.

"तुरीचा मालक कसा माणूस हाये? बोललं तर ऐकन का?" नातीनं विचारलं.

आता शेजाऱ्याला गंमत वाटू लागली. बारा वर्षं साठवलेलं होतं. तो म्हणाला, "नाव नको काढू, बाई. लय खट. कोनाचंच आयकत नाई. सोताले लय शायना समजते. तेरवीच्या जेवनात बी भाजीले नाव ठेवते. अन् शिक्षन म्हनशीन तर तिसरी नापास."

"पास," मी म्हणालो.

नात वळली. "तुमी ओळखता त्याले, आबा?"

"आयकून हावो. तिसरी पास हाये म्हनतात." मग माझ्यानं राहवलं नाही. "पन या कपाशीचा जो मालक हाये ना, थो त्याच्यापेक्षा बेकार. त्याच्या वावरात बुजगावनं लावत नाईत. थो सोता उभा राहते, अन् पाखरं येऊन त्याच्या खांद्यावर बसते. एवढा आयशी मानूस."

"आयशी?" शेजारी म्हणाला. "मी... त्याले आयशी म्हनतं तू? थो पाच वाजता वावरात असते."

"झोपाले."

नात दोघांकडे पाळीपाळीनं पाहत होती. "म्हणजे दोघंही सारखेच दिसतात," ती म्हणाली. ज्या जमिनीसाठी आम्ही बारा वर्षं माझी माझी म्हणून गाव डोक्यावर घेतलं होतं, ती त्या दुपारी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

"हरकत नाही," नात म्हणाली. "गट नंबर टाकला की फोनवर सातबारा येतो. मालकाचं नाव कळलं की मी जाऊन भेटते. मी समजावून सांगते, माणूस कसाही असो."

फोनला तिथं नेटवर्क नव्हतं. मला जरा बरं वाटलं. पण माझ्याच तुरीच्या कोपऱ्यात, रानडुकरांवर नजर ठेवायला मीच बांधलेलं मचाण होतं. नात त्याच्यावर चढली, अन् हात वर करून फोन धरला.

आम्ही दोघं खाली उभे. शेजारी हळूच म्हणाला, "आता?"

बारा वर्षांनी तो माझ्याशी सरळ बोलला तो हा एक शब्द.

"आता काय. नाव येईन."

"दोघायचं?"

"पयले कोनतं वावर टाकते थे पाहा."

"आलं, एक दांडी आली," नात वरून म्हणाली. "फिरून राहिलं."

मी वर पाहिलं. पोरगी एका पायावर, टाच उचलून, उन्हात डोळे बारीक करून उभी होती. सकाळपासून मी तिला रेतीतून अन् गोठ्यातून फिरवलं, माझ्याच धुऱ्याभोवती, अन् तिनं एक शब्द वाकडा काढला नव्हता. तिला वाटत होतं की आबा तिच्यासाठी रस्ता शोधतो आहे. आता माझं नाव तिला मशीन सांगणार होतं, अन् ते वाचून ती खाली कोणत्या तोंडानं पाहील ते मला पाहायचं नव्हतं. मी आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून चुकी कबूल केलेली नाही. फोनच्या सांगण्यावरून तर नाहीच.

"उतर खाली," मी म्हणालो. "तूर माही हाये."

ती उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं आधी तूर पाहिली, नंतर माझ्या वाहाणांना लागलेली नाल्यातली रेती पाहिली. मग म्हणाली, "मग सकाळपासून आपण कुठं फिरत होतो?"

"आजूबाजूनं."

शेजारी भाकरीचं फडकं बांधायला लागला होता. मी म्हणालो, "अन् कपाशी याची हाये."

"मले काहून ओढतं बे?" तो म्हणाला. "तू तुहं सांग ना. मी निघूनच राह्यलो होतो."

"म्हनूनच."

नात धुऱ्यावर बसली. हेल्मेट मांडीवर ठेवलं, थैलीतून एक छापील कागद काढला, पेन काढलं. तिचा आवाज कचेरीतल्या बाईसारखा झाला होता. "नियम सगळ्यायले सारखा. पिकावर टायर नाही. मालकानं वाट दिली तर इथं सही. नाही दिली तर मी लिहून देते की मालकाची संमती नाही, अन् मंडळी मागच्या वर्षीचा रस्ता घेते. दोन्हीकडे मालकाचं नाव लिहावं लागते."

"माहं नाव काय म्हनून लिहशीन?"

"मालक म्हणून."

"आबा म्हनून नाई?"

"या कागदावर आबाचा रकाना नाही," ती म्हणाली.

मी पेन घेतलं. मी अंगठा करत नाही, सही करतो, पूर्ण नावाची, अन् तिला वेळ लागतो. ती केली. मग पेन शेजाऱ्यासमोर धरलं. तो म्हणाला, "किती सोडाची?"

"पिकअप निघला पाहिजे," नात म्हणाली. "आठ फूट."

"मंग चार माहे, चार याचे," मी म्हणालो.

"चार काहून? तू जास्त दाबली. तू पाच दे."

"मी जास्त दाबली? तू धुऱ्यावरची बोर उपटली तवा..."

ते बोरीचं प्रकरण फार मोठं आहे, इथं लिहीत नाही. आम्ही ते पहिल्यापासून सुरू केलं. मध्येच गाडीचा आवाज आला. नातीनं मोटारसायकल फिरवून धुऱ्यावर आडवी आणली होती. पुढचं चाक माझ्या तुरीच्या दोन झाडांमधून आत, मागचं त्याच्या कपाशीच्या, एकही रोप न मोडता. ती म्हणाली, "ही गाडी सात फूट हाये. एवढं, अन् दोन्हीकडून थोडं थोडं. मी मोजत बसत नाही."

पुढचं चाक माझ्या बाजूला वीतभर जास्त आलं होतं. मला ते लगेच दिसलं. मी काही बोललो नाही. दिसूनही बोललो नाही असं माझ्या आठवणीत हे एकच.

शेजाऱ्यानं सही केली. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण तो सातवी आहे.

तूर कापायला अजून आठवडा होता. पण रविवारच्या आत वाट दिसायला पाहिजे होती, म्हणून त्या पट्ट्यातली मी विळ्यानं आधीच कापली अन् पेंढ्या बांधून खळ्यावर नेल्या. पलीकडून तो कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटत होता. त्याची वेचणी झाली होती, त्याचं काही गेलं नाही, हे मी त्याला ऐकू जाईल असं दोनदा म्हणालो. बुढी दुपारचं जेवण घेऊन आली. तिनं मोकळा झालेला पट्टा पाहिला अन् म्हणाली, "बारा वर्षं मी सांगून राह्यली, तवा नाई. पोरीनं गाडी आडवी लावली तं लगेच." मग तिनं भाजी वाढली, मला अन् त्यालाही. मी माझ्या पानाकडे पाहत जेवलो.

रविवारी मंडळीनं नातीचा रस्ता मंजूर केला.

रॅलीच्या दिवशी नियमाप्रमाणे पिकाच्या कडेला माणूस उभा पाहिजे होता, गाड्या आत जाऊ नयेत म्हणून. नातीनं आम्हा दोघांच्या हातात एकेक लाल झेंडा दिला. मी तुरीकडे, तो कपाशीकडे, मध्ये आठ फूट. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यानंही घातला होता.

पहिली गाडी नातीची. तिनं थांबून पाहिलं नाही, हात फक्त वर केला. मागून एकामागून एक सगळ्या गेल्या. एकाही टायरनं माझ्या तुरीला हात लावला नाही. धूळ एवढी उठली की शेजारी दिसेनासा झाला, फक्त त्याचा खोकला ऐकू येत होता, अन् त्याला माझा येत असेल.

पिकअपच्या पुढे शेवटचा माणूस अकोल्याचा डॉक्टर होता. तो पाणी प्यायला थांबला. चष्म्यावरची धूळ पुसत म्हणाला, "बाबा, काल सगळ्यांसमोर तुमची नात सांगत होती, हा तुकडा आबांनी काढून दिला. फार छान रस्ता शोधला तुम्ही."

नातीनं एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं, पण सगळंही नव्हतं. मी हो म्हणालो असतो तर विषय तिथंच संपला असता. चाळीस माणसांत माझं नाव राहिलं असतं. मी झेंडा खाली केला.

"शोधला नाई," मी म्हणालो. "दाबला होता आमी. थो सोडला."

डॉक्टरला ते नीट कळलं नसावं. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे, तो हसला अन् गाडीवर बसला.

"अर्धा म्या सोडला," शेजारी पलीकडून म्हणाला.

"अर्धा नाई. माही वीतभर जास्त गेली. मी पायलं होतं."

"कवा पायलं?"

"गाडी आडवी लागली तवाच."

"मंग तवा काहून नाई बोलला?"

याचं उत्तर मी त्याला देणं लागत नव्हतो. त्यानं झेंडा मातीत रोवला, बाह्या वर केल्या अन् धुळीतून वीत मोजायला निघाला. त्याचा पंजा माझ्यापेक्षा लहान आहे, हे मी त्याला मोजायच्या आधीच सांगून ठेवलं.